लाल कांडीची साक्ष

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथील एका शास्त्रीय सभेत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू विद्वानांपुढे मांडला. हा जंतू एकदा प्यालेला रंग आम्लाने धुतला तरी सोडीत नाही, हे त्याच वर्षी पॉल एर्लिख यांनी दाखविले. त्याच्या अंगावरील मेणचट कवचाचा हा प्रताप होय. झील आणि नीलसेन यांच्या सुधारणांनी ही रीत सुलभ झाली. बेडक्याचा पातळ थर काचेवर वाळवावा, फुक्सिनने तापवून रंगवावा, आम्लाने धुवावा, वर निळा रंग द्यावा. निळाईत लाल कांडी दिसली की क्षय ठरला!

ठरला खरा, पण अशी लाल कांडी अन्य जंतूंचीही दिसते. १८९७ साली लिडिया राबिनोविच यांना असे जंतू लोण्यात सापडले. पुढे ते गवतावरही आढळले. सर्वांत उद्बोधक प्रकरण मात्र रक्ताच्या तपासणीचे. फिलाडेल्फियाच्या रोझेनबर्गर यांनी क्षयरोग्यांच्या रक्तात सर्रास जंतू सापडत असल्याचे प्रसिद्ध केले. पनामा कालव्याच्या प्रदेशात काम करणारे डॉक्टर ब्रेम यांनी तीच तपासणी हाती घेतली, तेव्हा घोटाळ्याचे मूळ रक्तात नव्हते. श्रोत्यांस नवल वाटेल, ते होते वाफ करून निववलेल्या पाण्यात! १९०९ साली ब्रेम यांनी हे छापून टाकले. शुद्धतेसाठी जे पाणी वापरावयाचे, तेच खोटी साक्ष देत होते.

बेडक्याची काचही पाण्यानेच धुतात. त्यात न गाळलेल्या फुक्सिनचे कण, जुन्या काचेवरील ओरखड्यांत अडकलेला रंग, तेलाच्या थेंबाबरोबर एका रोग्याच्या काचेवरून दुसऱ्याच्या काचेवर गेलेले जंतू, असे किती चोर सांगावेत! आणि स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ साली. तत्पूर्वी 'क्षय' हा एक शब्द कित्येकांना घरातून उठवून आरोग्यधामात नेऊन ठेवी. लाल ठिपका खोटा असला, तर ती शिक्षा निरपराध्यास होई. खरा असून नजरेतून सुटला, तर घरातील मुलांना.

म्हणून मुरलेला तपासनीस लाल दिसताच लेखणी उचलीत नाही. तो भिंगाचा स्क्रू किंचित फिरवितो. पूपेशींच्या पातळीतच कांडी स्पष्ट होत असेल, तर ती बेडक्यातील असण्याचा संभव अधिक. पेशी अंधुक झाल्यावर वरच्या थरात उमटली, तर ती बहुधा रंगाची वा पाण्याची. कडा खडबडीत, आकार ओबडधोबड, तर तो रंगाचाच खडा. तरीही संशय उरला, तर कोऱ्या काचेवर त्याच पाण्याचा थेंब वाळवून, त्याच रंगांनी रंगवून तो प्रथम पाहतो आणि रोग्याकडून नवा बेडका मागवितो.