अध्ययन अक्षमता व मनोकारक मापन

अध्ययन अक्षमता व मनोकारक मापन : संवेदन, अवधान आणि स्नायूंची हालचाल यांतील सुसूत्रता ज्या कसोट्यांनी मोजतात, त्यांस मनोकारक कसोट्या म्हणतात. बुद्धी सर्वसाधारण असून आणि शिक्षणाची संधी मिळूनही ज्या बालकास वाचन, लेखन वा गणित यांत विशिष्ट अडचण येते, त्याच्या परीक्षणात या कसोट्यांना प्रदीर्घ काळ स्थान मिळाले.

डच शरीरक्रियाविज्ञ डॉंडर्स यांनी १८६८ मध्ये प्रतिक्रिया-कालाच्या मापनाने या क्षेत्राचा पाया घातला. ब्रिटिश वैद्य प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये एका बुद्धिमान पण वाचता न येणाऱ्या मुलाचे वर्णन ‘जन्मजात शब्दांधता’ म्हणून केले. ओझेरेट्स्की यांची कारक विकासाची श्रेणी (१९२३) व लॉरेटा बेंडर यांची आकृत्या उतरविण्याची कसोटी (१९३८) पुढे प्रचारात आल्या. ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये रूढ केली. हालचालींतील सुसूत्रता वाढविल्यास वाचनही सुधारते, असे मत त्या दशकात केफार्ट प्रभृतींनी मांडले. तथापि १८० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणावरून कॅव्हेल व मॅटसन यांनी १९८३ मध्ये अशा प्रशिक्षणाचा शैक्षणिक लाभ नगण्य असल्याचे दाखविले. त्यामुळे मनोकारक कसोटीचे फल हे पूरक माहिती ठरते. केवळ त्यावरून निदान करता येत नाही.

मराठी भाषकांत बालकांच्या मानसमापनाचा आरंभ व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे केलेल्या बिने कसोटीच्या मराठी व कन्नड रूपांतराने झाला (ग्रंथ, १९४०). परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबई इलाख्यातील या कार्यक्षेत्राबाहेर होता; तो १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. ए. जे. मालिन यांनी नागपूर येथे वेक्स्लर श्रेणीचे भारतीय रूपांतर केले (१९६९). तीतील ठोकळ्यांची मांडणी, चिन्हलेखन व भूलभुलैया या उपकसोट्यांत हाताच्या गतीचाही कस लागतो.

संगणकामुळे उद्दीपकांचा क्रम व कालावधी सर्व बालकांसाठी समान ठेवता येतो आणि प्रतिसाद सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत नोंदविता येतो. १९५६ मध्ये रॉसव्होल्ड व सहकाऱ्यांनी यंत्राद्वारे घेतलेली सातत्य-अवधान कसोटी पुढे संगणकावर आली. तीत ठरावीक अक्षर दिसताच कळ दाबावयाची असते. सुटलेली अक्षरे, चुकीने दाबलेली कळ व प्रतिसादातील चढउतार यांवरून अवधानाची कल्पना येते, वाचनदोषाची नव्हे. शिवाय जिंतूर वा गंगाखेड तालुक्यातील ज्या मुलाने संगणक हाताळलेला नाही, त्याच्या विलंबात अपरिचयाचाही वाटा असतो. कळ दाबण्याचा पुरेसा सराव न देता आणि शहरी मुलांवरून ठरविलेली प्रमाणके लावून निष्कर्ष काढल्यास निरोगी मूल अक्षम, किंवा अक्षम मूल मंदबुद्धी ठरण्याचा धोका असतो.

वाचनाची तपासणी मातृभाषेत होणे म्हणूनच आवश्यक आहे. मराठीत ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या आधी लिहितात, उच्चार मात्र नंतर होतो. जोडाक्षरांचीही अशीच अडचण असते. इंग्रजी कसोटीत हे दोष दिसत नाहीत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, मानेसर येथे नंदिनी चॅटर्जी सिंग व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डाली’ या साधनात हिंदी व कन्नडबरोबर मराठीचाही समावेश आहे.

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था त्याच वर्षी मुंबईत स्थापन झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये विशिष्ट अध्ययन अक्षमतेस कायदेशीर मान्यता मिळाली. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच देता येत असे. मराठी शाळेतील बालक तोपर्यंत दुसरी-तिसरीत पोहोचलेले असते. अक्षर व ध्वनी यांचा संबंध पद्धतशीरपणे शिकविणारे उपचारात्मक अध्यापन मात्र प्रमाणपत्राची वाट न पाहता गावच्या शाळेतच सुरू करता येते, आणि ते जितके लवकर सुरू होईल तितके हितावह ठरते.