कमानीचे काम आणि जुन्या मोटारीची सुधारणा

बैलगाडीत बसून ज्याने चार कोस वाट तुडवली आहे, त्याला चाक आणि आपली पाठ यांचे नाते वेगळे सांगायला नको. गाडीचा साटा थेट आसावर टेकलेला असतो. वाटेतला दगड चाकाला लागला, की तो जसाच्या तसा बसणाऱ्याला कळतो. टांग्यात मात्र तोच दगड जरा मऊ होऊन लागतो. का बरे? तर टांग्याच्या बैठकीखाली पोलादी पाट्यांची कमान असते. या कमानीचा थोडा इतिहास आज पाहू. आणि जुन्या मोटारीच्या कमानी सुधारायच्या झाल्या, तर काय सांभाळावे लागते तेही पाहू.

पूर्वी युरोपात घोडागाडीची पेटी चामड्याच्या पट्ट्यांना टांगत. खाली जड लाकडी तुळई असे, आणि गाडी पाळण्यासारखी हेलकावे खाई. १८०४ साली लंडनच्या ओबाडाया एलियट या गाडी-कारागिराने पोलादी पाटे एकावर एक रचून लंबगोल कमान केली आणि पेटी तिच्यावर बसवली. मग त्या जड तुळईची गरजच उरली नाही. गाडी हलकी झाली. पुढे मोटार आली ती हेच कमानपाटे घेऊन. आपल्या मालट्रकांच्या मागच्या चाकांवर ते तुम्ही पाहिलेच असतील.

आता एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. कमान धक्का गिळत नाही. तो उसना घेते आणि परत करते. दबलेली कमान उसळते, उसळलेली पुन्हा दबते. पाट्यांच्या कमानीत पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाने उसळी थोडी मरते. पण जी कमान एकाच सळईची असते, तिच्यात घासायला काही नाही. तिची उसळी मारायला दुसरे काहीतरी लागते. ते म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, मिस्त्रींच्या भाषेत शॉकअप. त्यात तेल असते. चाक हलले की हे तेल बारीक भोकातून जोराने जाते, उसळीची शक्ती तेलात उष्णता होऊन विरते.

शिक्षकांनी हे वर्गात जरूर दाखवावे. सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ पट्टी घ्या, तिला दगड टांगा, दगडाखाली डब्याचे पसरट झाकण आडवे बांधा. दगड खाली ओढून सोडा. तो बराच वेळ नाचेल. आता तोच दगड पाण्याच्या बादलीत बुडता ठेवून पुन्हा सोडा. नाच लवकर थांबेल. पट्टी ही कमान आणि पाणी हा शॉकअप, हे मुलांना न सांगताही कळेल.

आता प्रत्यक्ष एक मोटार घेऊ. १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या प्रदर्शनात 'मॉरिस मायनर' नावाची लहान मोटार लोकांपुढे आली. तिचा रचनाकार ॲलेक इसिगोनिस. १९०६ साली स्मिर्ना शहरी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीरमध्ये, जन्मलेला. नमुना तयार झाल्यावर गाडी फार अरुंद दिसते असे त्याला वाटले. त्याने ती मधोमध कापवली, दोन अर्धुके चार इंच दूर सरकवली आणि मधली जागा भरवली. रुंद पायावर गाडी वळणात अधिक स्थिर राहते. हीच मोटार आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने 'बेबी हिंदुस्थान' या नावाने आणली होती.

या मोटारीच्या मागे पाटे आहेत, पण पुढे टॉर्शन बार आहे. टॉर्शन बार म्हणजे एक लांब पोलादी सळई. तिचे एक टोक गाडीच्या अंगाला पक्के, दुसरे चाकाच्या हाताला जोडलेले. चाक वर गेले की सळई पिळली जाते आणि पीळ सुटताना चाकाला खाली आणते. ओले धोतर पिळून सोडले म्हणजे ते जसे उलट फिरते, तसेच. पुढे कित्येक वर्षे सरकारी कचेऱ्यांपुढे उभी दिसणारी अँबॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. तिच्याही पुढच्या चाकांना हीच पिळाची सळई होती. बंगालमधल्या उत्तरपाड्याला ती २०१४ पर्यंत बनत होती.

मायनरचे शॉकअप दांडीचे. तेलाची एक पेटी आणि तिच्यातून निघालेला हात. तेल थोडेसेच. खराब रस्त्यावर ते तापते, पातळ होते आणि पकड सुटते. म्हणून अशी मोटार बाळगणारे लोक नळीचे शॉकअप बसवतात. त्यात तेल जास्त काळ टिकून काम देते. सुधारणा चांगली आहे. पण इथे एक मेख आहे. मायनरच्या पुढच्या चाकाला वरून धरणारा हात म्हणजे त्या जुन्या शॉकअपचीच दांडी! ती नुसती काढून फेकली तर चाकाला वरचा आधारच राहत नाही. म्हणून एक तर ती जागेवर ठेवून शेजारी नळी बसवतात, नाही तर तिच्या जागी दुसरा पक्का हात देतात.

याहून मोठी गोष्ट खालच्या बाजूला आहे. चाक ज्या खुंटावर वळते, त्याचे खालचे टोक आट्यांच्या तुकड्यात बसवलेले असते. त्याला ट्रुनियन म्हणतात. त्याला वेळच्या वेळी ग्रीस मिळाले नाही तर आटे झिजतात, खुंट निसटतो आणि चाक गाडीखाली दुमडते. चालत्या गाडीत हे झाले तर जिवावर बेतते. वर कितीही महागाचा शॉकअप असो, तो हे थांबवू शकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी गाडी जॅकवर उचला, खाली पक्का आधार द्या, चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर आधी झिजलेले भाग बदला. मग रबरी बुश पाहा, तेल पाहा. नवा शॉकअप त्यानंतर.

आणि एक समज सोडून द्या. गाडी मजबूत करायची म्हणून कित्येक जण एक पाटा वाढवतात, कमान ताठ करतात. रिकाम्या गाडीची ताठ कमान खड्ड्यात दबत नाही, मग चाकच जमीन सोडून उडते. अधांतरी चाकाला ना ब्रेक लागत, ना ते वळवले तसे गाडीला वळवत. बसणाऱ्याला सुख देणे हे कमानीचे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे चाक जमिनीला धरून ठेवणे. एलियटच्या घोडागाडीला ते जितके लागू होते, तितकेच ते तुमच्या दारातल्या जीपला आहे. पाटा वाढवण्यापूर्वी मिस्त्रीला एवढे जरूर विचारा, की रिकाम्या गाडीचे चाक जमिनीवर राहील ना?