ठासणीच्या बंदुकीची मूळओळख : एन्फील्ड रायफल व तिचीं हिंदुस्थानांतील रूपांतरें

जुन्या घराण्यांच्या दप्तरांचा शोध करीत असतां कागदांच्या रुमालांबरोबर एखादी ठासणीची बंदूकही पुष्कळदां पुढें येते. ती पेशवाईंतील आहे किंवा सत्तावन सालच्या युद्धांतील आहे, अशी घरची समजूत असते. कागद हातीं आला म्हणजे संशोधक त्याचें वळण, मायना, शिक्का व तारीख तपासल्यावांचून तो ग्राह्य मानीत नाहीं. बंदुकीच्या बाबतींत मात्र घरच्या सांगीवरच बहुधा निर्वाह होतो. त्यांतून ती बंदूक नळी कापलेली, दस्ता बदललेली, आटे कोरून काढलेली अशी असली, म्हणजे तिला मोडींत काढण्यापलीकडे कोणी महत्त्व देत नाहीं. अशी बदललेली बंदूकच पुष्कळ वेळां अधिक माहिती देते, व कांहीं प्रसंगीं तर राज्यकर्त्यांचें धोरणही उघड करते, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे. विवेचन मुख्यतः इ. स. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीस धरून केलें आहे.

(१) तपासणीपूर्वींची सावधगिरी

प्रथम बंदूक भरलेली आहे कीं काय हें पाहावें. नळींत लांकडी काठी तळापर्यंत सोडून तोंडाशीं खूण करावी, व तीच काठी नळीच्या बाहेरून लावून कानाच्या जागेपर्यंतच्या लांबीशीं ताडून पाहावी. आंतील लांबी बरीच कमी भरली तर दारू व गोळी आंत आहे असें समजून जाणत्याच्या हातून ती काढवावी. ठासणीच्या बंदुकी भरून ठेवण्याची चाल होती, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनींही पेट घेते. दुसरें असें कीं, विटेच्या भुकटीनें किंवा कानशीनें नळी उजळूं नये. ज्या शिक्क्यांवरून निर्णय करावयाचा ते केसाएवढे खोल असतात. एकदां ते घांसले गेले कीं पुरावा कायमचा नष्ट झाला.

(२) कळ व तिजवरील खुणा

घोडा ज्या पट्टीवर बसविलेला असतो ती कळीची पट्टी प्रथम पाहावी. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकींवर आरंभीं हृदयाच्या आकाराचें चार भागांचें चिन्ह, त्यांत कंपनीच्या नांवाचीं आद्याक्षरें व वर चारच्या इंग्रजी आंकड्यासारखी खूण असे. इ. स. १८०८ च्या सुमारास त्याऐवजीं मागील पायांवर उभा राहिलेला सिंह आला. इ. स. १८५८ सालीं कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे गेला. यामुळें सिंहाच्या छापाची कळ त्यानंतरची मानतां येत नाहीं. राणीच्या सरकारच्या कळीवर मुकुट, त्याखालीं राणीचीं आद्याक्षरें, आणि साल व ‘टॉवर’ किंवा ‘एन्फील्ड’ हा शब्द असतो. ‘टॉवर’ या शब्दावरून बंदूक लंडनच्या किल्ल्यांत घडली असें अनुमान करूं नये. बर्मिंगहॅम व लंडन येथील ठेकेदारांनीं केलेल्या मालावरही तो शब्द आढळतो, व पुढें निव्वळ परदेशीं विकण्याकरितां केलेल्या बंदुकींवरही तो उमटविला जाई.

मूळची गारगोटीची बंदूक मागाहून टोपीची केली असेल तर पट्टीवर तिच्या जखमा राहतात. रंजकाचा प्याला कापून काढलेला असतो, आणि पोलादी झांपण व तिची कमान जेथें बसत असे तेथील भोंकें धातूनें बुजविलेलीं दिसतात. विलायतेंत लष्कराकरितां टोपीची बंदूक इ. स. १८३९ ते १८४२ या अवधींत रूढ झाली. कंपनीच्या फौजांतही हा पालट त्यानंतरच्या वर्षांत झाला. सबब अशा बंदुकीस दोन काळ द्यावे लागतात, एक घडणीचा व दुसरा रूपांतराचा.

तथापि कळ ही कळीपुरतीच साक्ष देते. वायव्य सरहद्दीवरील जझाइल बंदुकींवर कंपनीच्या कळी बसविलेल्या सर्रास आढळतात. त्यांची नळी व वांकडा दस्ता तेथील कारागिरांचे असतात. कळ, नळी व लांकूड हे तीन स्वतंत्र साक्षीदार समजावे, व तिघांची जबानी जुळली तरच निर्णय पक्का मानावा.

(३) नळीची साक्ष

इ. स. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीची नळी ३९ इंच लांब, आंतील व्यास ०.५७७ इंच, आटे तीन, व ७८ इंचांत एक फेरा असे. बंदुकीची एकंदर लांबी ५५ इंच असून नळी लांकडास तीन कड्यांनीं बांधलेली असे. याच जातीच्या आंखूड रायफलीची नळी ३३ इंच व कड्या दोन असत. तोफखान्याच्या कार्बाइनची नळी २४ इंच असे. म्हणून आंखूड नळी दिसली कीं ती कापलेलीच, असें म्हणूं नये. कापलेल्या नळीच्या तोंडाशीं माशी पुन्हां झाळलेली असते, व संगीन बसविण्याची मूळची सोय नाहींशी झालेली असते. कड्या काढलेल्या असल्या तरी लांकडावर त्यांचे घट्टे राहतात.

नळीच्या बुडाशीं तपासणीचे शिक्के असतात. सरकारी नळीवर मुकुटासह सरकारी परीक्षेच्या खुणा असतात. खासगी व्यापाराच्या नळीवर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाच्या खुणा असतात. अंडाकृति चौकटींत ई, एल्, जी हीं अक्षरें असल्यास नळी बेल्जममधील लीएज शहरची होय, व त्या चौकटीवर मुकुट असल्यास इ. स. १८९३ नंतरची होय. व्यापारी नळीवर पुष्कळदां २५ किंवा २४ हा आंकडा असतो. एक पौंड शिशाच्या त्या नळींत बसतील अशा किती गोळ्या होतात, याचा तो आंकडा; २५ म्हणजे ०.५७७ इंच व्यास. आंकडा २५ असून नळी आंतून गुळगुळीत व अधिक रुंद भरत असेल, तर परीक्षेनंतर कोणीतरी आटे कोरून काढले हें सिद्ध होतें. हें काम बहुधा छरे मारतां यावे म्हणून केलेलें असतें. सह्याद्रीच्या रानांतून व कोंकणांतून पिकांच्या राखणीस ठासणीची बंदूक परवान्यावर बाळगण्याची वहिवाट आहे, आणि रानडुकरांवर व पांखरांवर आट्यांच्या नळीपेक्षां साधी नळीच सोयीची.

सरकारी बाणाच्या दोन खुणा टोंकास टोंक लावून मारलेल्या असल्या, तर ती बंदूक लष्करांतून रीतसर काढून विकलेली होय. रणांत मिळविलेल्या बंदुकीवर ही खूण असण्याचें कारण नाहीं. घराण्याच्या पुष्कळ परंपरांचा निकाल या एवढ्याशा खुणेनें लागतो.

(४) आटे नसलेली एन्फील्ड

आतां मुख्य मुद्दा. बाहेरून हुबेहूब एन्फील्ड, तीन कड्या, नळी ३९ इंच; परंतु आंत आटे नाहींत, व्यास सुमारें ०.६५६ इंच, आणि मागील बाजूस अंतराप्रमाणें वरखालीं होणाऱ्या मोजपट्टीऐवजीं एक अचल ठोकळा, अशी बंदूक आढळल्यास ती कोणा शिकाऱ्यानें बिघडविलेली रायफल नव्हे. ती इ. स. १८५८ च्या सुमारास हिंदी पलटणींकरितां सरकारनेंच मुद्दाम तयार करविलेली बंदूक होय. आरंभींच्या नळ्या आंतून कोरल्यामुळें पातळ झाल्या व वांकूं लागल्या, म्हणून लवकरच जाड नळीचा नमुना काढावा लागला.

या बंदुकीचें मूळ युद्धशास्त्रांत नसून राजकारणांत आहे. एन्फील्डची चरबी लावलेलीं काडतुसें हें सत्तावनच्या उठावणीचें निमित्त झालें हें सर्वश्रुत आहे. परंतु त्या वेळीं हिंदी शिपायांच्या हातीं एन्फील्ड सरसकट आलीच नव्हती. डमडम, अंबाला व सियालकोट येथें तिचें शिक्षण नुकतेंच सुरू झालें होतें. शिपाई लढले ते बहुतांशीं जुन्या बिनआट्यांच्या बंदुकी घेऊन, आणि दिल्लीच्या वेढ्यांत साठाव्या रायफल पलटणीसारखे गोरे लोक एन्फील्ड घेऊन. दोहोंच्या पल्ल्यांतील अंतर दोन्ही पक्षांच्या अनुभवास आलें. पुढें पील यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें इ. स. १८५९ मध्यें गोऱ्या व हिंदी फौजेचें प्रमाण ठरविण्याची व तोफखाना मुख्यत्वें गोऱ्यांच्या हातीं ठेवण्याची शिफारस केली. आटे नसलेली एन्फील्ड ही त्याच विचाराची लोखंडी प्रत होय. कवाईतीस ती रायफलीसारखी दिसावी, पण लांबवर नेम धरूं नये, अशी तिची योजना आहे. हिंदी पलटणींस गोऱ्यांच्या मागें एक पिढी जुनें हत्यार देण्याचा प्रघात यानंतर दीर्घकाळ चालला. विलायतेंत इ. स. १८६६ मध्यें स्नायडर पद्धत आली, व एन्फील्ड नळीचा बुडाकडील सुमारें अडीच इंच भाग कापून त्यांत उजवीकडे उघडणारें झांकण बसवूं लागले. हिंदी पलटणींस स्नायडर मिळाली ती गोऱ्यांच्या हातीं मार्टिनी-हेन्री येऊं लागल्यानंतर.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कळीवर १८५६ किंवा १८५७ साल आहे एवढ्यावरून ‘ही बंडवाल्यांची बंदूक’ असें म्हणतां येत नाहीं. तें साल कळ घडल्याचें आहे, वापरल्याचें नव्हे. दुसरी, बिनआट्यांची एन्फील्ड ही सत्तावनची नसली तरी सत्तावनमुळें जन्मली, म्हणून इतिहासदृष्ट्या तिचें मोल कमी नाहीं.

(५) देशी घडणीच्या बंदुकी

विलायती नमुन्याची म्हणजे विलायतेंत घडलेली, असेंही नव्हे. महादजी शिंदे यांच्या कवायती फौजेकरितां आग्रा येथें सँगस्टर नांवाच्या स्कॉच गृहस्थाच्या देखरेखीखालीं बंदुकी होत असत. तें शहर इ. स. १८०३ मध्यें इंग्रजांनीं घेतलें. टिपू सुलतानाच्या कारखान्यांतील बंदुकींवर व्याघ्रचिन्हें असून त्याच्या मौलूदी सनाचे आंकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेले असतात. ते उलट वाचल्यास साल चुकतें. नेपाळांत इंग्रजी नमुन्यांवरून बंदुकी केल्या जात, त्यांत दोन आट्यांची ब्रन्सविक रायफलही होती, व त्यांवर देवनागरी अक्षरें कोरलेलीं असत. काठमांडूच्या जुन्या सिलेखान्यांतील मोठा सांठा इ. स. २००३ मध्यें अमेरिकन व्यापाऱ्यांनीं विकत घेतला, तेव्हांपासून असे नमुने जगभर पसरले आहेत. याखेरीज सरहद्दीवर दऱ्या आदमखेल येथें इंग्रजी शिक्क्यांच्या नकला होतात. त्यांत अक्षरें चुकलेलीं किंवा उलटीं पडलेलीं आढळतात. म्हणून देवनागरी लेख दिसतांच बंदूक मराठ्यांची ठरवूं नये, आणि इंग्रजी लेख दिसतांच ती विलायती ठरवूं नये.

(६) उपसंहार

प्रत्येक जुन्या बंदुकीची नोंद करितांना नळीची लांबी, तोंडाशीं व्यास, आट्यांची संख्या, कड्या, कळीवरील अक्षरें, बुडाचे सर्व शिक्के व बुजविलेलीं भोंकें इतकीं तरी टिपून त्यांचे ठसे घ्यावे, आणि घरची हकीकत शेजारीं स्वतंत्र लिहून ठेवावी. दोहोंची गल्लत करूं नये, व एकीकरितां दुसरी टाकूनही देऊं नये. पणजोबांनीं रणांत मिळविलेली म्हणून सांगितलेली बंदूक लिलांवांत घेतलेली ठरली, तर घराण्याचा मान जात नाहीं. ती कोणी, केव्हां व कशाकरितां घेतली, हा नवा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचें उत्तर बहुधा त्याच घरच्या दप्तरांत, एखाद्या परवान्याच्या किंवा जमाखर्चाच्या कागदांत असतें.