भावदर्शी व्यक्तिचित्रण

व्यक्तीच्या रूपसाम्याबरोबर तिची मनोवस्थाही प्रकट करणारा चित्रप्रकार. प्रत्येक भावनेची ठरावीक मुखचिन्हे असतात, ही समजूत यूरोपीय कलाशिक्षणात दीर्घकाळ टिकली. फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रं याने १६६८ मध्ये पॅरिसच्या अकादमीतील व्याख्यानात राग, भय, विस्मय आदी भावांचे नमुने मांडले व भुवयांना प्रमुख स्थान दिले. सरावाला ते उपयुक्त ठरले. पण केवळ त्यांवर बेतलेले चेहरे मुखवट्यांसारखे निर्जीव वाटतात. याउलट डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३० मध्ये स्वतःचाच चेहरा नमुना म्हणून वापरून हसरी, चकित व त्रासिक आत्मचित्रे अम्लरेखनात केली. त्यांत डोळे, ओठ, मान आणि छायाप्रकाश मिळून भाव घडवतात. फ्रेंच वैद्य द्यूशेन याने १८६२ मध्ये दाखवलेली गोष्टही याला पोषक आहे : मनापासूनच्या हास्यात ओठांच्या कडांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो. म्हणजे भाव एका अवयवात नसतो, तो अवयवांच्या परस्परसंबंधात असतो.

यावर आक्षेप असा, की शांत चेहऱ्यात दिसणारी भावना प्रेक्षकानेच कल्पिलेली असते. प्रेक्षकाचा वाटा नाकारता येत नाही. मात्र त्याला दिशा रेषाच देते. जर्मन चित्रकर्ती केटे कोलव्हित्स (१८६७–१९४५) हिच्या कपाळाला हात लावलेल्या आत्मचित्रात (१९१०) हावभाव जवळजवळ नाहीत, तरीही जड पापण्या, हाताचा भार आणि गडद छाया यांतून थकवा व चिंतन स्पष्ट जाणवते. म्हणून भावदर्शनाची खरी कसोटी हावभावांच्या तीव्रतेत नाही, तर निरीक्षणाच्या अचूकपणात आहे.