फक्कीची रेघ

ज्या मुलखातील माणसांनी बांधाच्या हद्दीवरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालविले, खोताला घातलेल्या खंडाचा हिशेब तोंडपाठ ठेवला आणि मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या, त्या मुलखातील माणसे मैदानावर मारलेल्या फक्कीच्या रेघेविषयी उदासीन राहतील, अशी अपेक्षाच मुळी करू नये. जासई हे अशा मुलखातील गाव. पूर्वीच्या दफ्तरात पनवेल तालुक्याचा उरण पेटा म्हणून जो भाग नोंदलेला आहे, त्यात ते मोडते. पनवेलहून उरणला जाणाऱ्या रस्त्यावर, खाडीच्या खारजमिनींच्या शेजारी ते वसले आहे, आणि आता नव्या मुंबईच्या नकाशाने त्याला आपल्या पोटात घेतले आहे. परक्या माणसाला जासई ठाऊक असते ती शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचे जन्मगाव म्हणून आणि १९८४ च्या जानेवारीतील शेतकरी आंदोलनासाठी. परंतु या पट्ट्यातील आगरी-कोळी वस्त्यांत हिवाळ्याच्या रात्री ज्या विषयाने माणसे जागी राहत आली, तो विषय म्हणजे कबड्डी, आणि त्यातही सामना संपल्यानंतर मैदानाच्या कडेला, पारावर, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर जो दुसरा सामना सुरू होतो, तो. पहिल्या सामन्याचा निकाल चाळीस मिनिटांत लागतो. दुसऱ्याचा लागतोच असे नाही.

या भागात भाताचे एकच पीक. कापणी-झोडणी उरकली, भारे घरी आले आणि खाचरातील माती पुरती सुकली, की धसकटे काढून, ढेकळे फोडून, पाणी शिंपून मैदान तयार करावयाचे, हा क्रम ठरलेला. त्या मातीचा गुण असा की ती फार कोरडी झाली तर गुडघे सोलते आणि किंचित ओल राहिली तर पायाखाली मऊ लागते. म्हणून पाणी किती शिंपावे याविषयी प्रत्येक गावात एखाद्या म्हाताऱ्याचा शब्द अखेरचा मानला जाई. मग सुतळी ताणून चुन्याची फक्की मारली जाई, आणि संध्याकाळी शेजारच्या गावांतून, म्हणजे चिर्ले, धुतूम, गव्हाण, सोनारी, करळ, जसखार अशा ठिकाणांहून, प्रेक्षक चालत येत. वीज येण्यापूर्वी दिवसाउजेडी किंवा गॅसबत्तीच्या प्रकाशात खेळ होई, आणि गॅसबत्तीच्या प्रकाशात कोणाचा पाय कोठे पडला हे सांगण्यास जेवढी नजर लागे त्याहून जास्त धाडस लागे.

तेव्हा या खेळाला हुतुतू म्हणत, आणि त्याचे नियम गावोगाव निराळे असत. ढोबळ मानाने तीन रीती होत्या. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की पुन्हा जिवंत होऊन आत येई. गामिनीत एकदा बसला तो सगळा संघ बसेपर्यंत बसलाच. आणि अमर रीतीत कोणी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजले जात. तंटे मात्र तिन्हींत सारखेच होत, फरक विषयाचा. संजीवनीत आता कोणाचा क्रम आत येण्याचा यावरून, गामिनीत शेवटचा गडी खरोखर बाद झाला की नाही यावरून, आणि अमरमध्ये गुण मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणावरून. शेवटचा तंटा सर्वांत कडू असे, हे सांगायला नकोच.

या विस्कळीत खेळाला लेखी कायदा मिळाला तो महाराष्ट्रातील आणि बडोद्यातील व्यायामसंस्थांच्या खटपटीने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत नियमांचे मसुदे तयार झाले, संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घातला गेला, आणि १९२३ साली बडोद्यात सुधारित नियमांनुसार स्पर्धा झाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची जी प्रात्यक्षिके केली त्यांत हा खेळही होता. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्याला जागा मिळाली. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि दोन वर्षांनी मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. हुतुतूची कबड्डी झाली ती या प्रवासात. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी संघटनेचा प्रपंच असा काही मांडला की १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

लेखी कायद्याने तंटे मिटतील, ही सर्वच सुधारकांची भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात कायद्याने तंट्यांना नवी कलमे मिळाली. पूर्वी मध्यरेषा आणि शिवेची रेघ एवढ्याच हद्दी होत्या. आता तेरा मीटर लांबीच्या आणि दहा मीटर रुंदीच्या मैदानावर मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आली, तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा आली, दोन्ही बाजूंस एक-एक मीटरचे राखीव पट्टे आले. चढाई करणाऱ्याने कोणाला स्पर्श केला नसेल तर निदान रेषा ओलांडलीच पाहिजे. बोनसचा गुण हवा तर पुढचा पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा पाय त्या क्षणी अधांतरी हवा, आणि समोर निदान सहा गडी हवेत. राखीव पट्टा तर झटापट किंवा स्पर्श होईपर्यंत मैदानाचा भागच नव्हे. अशा कलमांत वाढलेला प्रेक्षक वकिलासारखा बोलू लागला तर नवल ते काय? माझ्या पाहण्यात असे गृहस्थ आहेत, ज्यांना सातबाऱ्याचा उतारा वाचून दाखवावा लागतो, पण मागचा पाय हवेत होता की नव्हता याविषयी ते पाऊण तास साधार बोलू शकतात.

आणि आधार होता, ही गोष्ट महत्त्वाची. मातीवर पाय उमटतो. निदान रेषेवरच्या फक्कीला अंगठा लागला असेल तर फक्की विसकटते. पाय अलीकडेच राहिला असेल तर टाचेचा ठसा अलीकडे दिसतो. म्हणून वादाचा प्रसंग आला की पंच शिट्टी वाजवून धावत येई, दोन्ही संघांच्या गड्यांना मागे सारी आणि वाकून जमीन पाही; त्याच्या खांद्यावरून दोन्ही कर्णधार पाहत, त्यांच्या मागून मैदानात घुसलेले पाच-पंचवीस प्रेक्षक पाहत, आणि तो एक प्रकारचा पंचनामाच होई. ठसा कोणाचा, आत्ताचा की मागच्या चढाईचा, हे ठरविण्यातही कसब होते. कारण ताज्या ठशाची कड तीक्ष्ण असते आणि जुन्यावर इतरांच्या पायांची धूळ पडलेली असते. खेकडे-निवट्यांच्या मागे चिखलात फिरलेल्या आणि खारबंदिस्तीवर रात्री पहारा केलेल्या माणसांना ही लिपी वाचता येत होती. पुरावा पंचाच्या एकट्याच्या डोळ्यांत नव्हता, तो सर्वांच्या पायांखाली होता. आणि या मुलखाच्या प्रेक्षकाने पंचाशी वाद घालण्याचा जो हक्क गृहीत धरला, त्याचे मूळ माझ्या मते येथे आहे. कचेरीतला निकाल त्याला कागदावरून कळे, तो कागद त्याला वाचता येत नसे आणि ज्या साक्षीवरून निकाल झाला ती त्याच्यासमोर झालेली नसे. मैदानावरची साक्ष मात्र त्याच्यासमोर पडलेली होती.

दमाची गोष्ट निराळी. दमाचा ठसा उमटत नाही. चढाईवाला ‘कबड्डी, कबड्डी’ घुमवीत आत गेला, चार जणांच्या पकडीत सापडला आणि मध्यरेषेकडे हात लांबवीत असतानाच त्याचा आवाज विरला. तो हात टेकण्यापूर्वी विरला की नंतर, हे सांगणारा एकच साक्षीदार, तो म्हणजे कान, आणि कान हा सर्वांत पक्षपाती अवयव आहे. ज्या बाजूचा गडी, त्या बाजूच्या लोकांना त्याचा दम ऐकू येतच राहतो. ‘दम तुटला’ ही आरोळी शेकडो कंठांतून एकदम उठली की त्या गलक्यात खरा दम ऐकू येणे अशक्य होई, आणि कित्येकदा आरोळीचा हेतूही तोच असे.

म्हणून पंच निवडण्याची मसलत खेळापेक्षा जुन्या पद्धतीने चाले. सामना करणाऱ्या दोन्ही गावांचा नको, शक्यतो दोघांशीही सोयरीक नसलेल्या तिसऱ्या गावाचा, आणि शब्दाला वजन असलेला असा माणूस शोधला जाई. मात्र या खाडीकाठच्या गावांत परस्परांत एवढ्या सोयरिकी झालेल्या की पूर्ण त्रयस्थ माणूस शोधायला बरेच दूर जावे लागे. पुढे जिल्हा संघटनेची परीक्षा उत्तीर्ण झालेले पंच आले, सरपंच, दोन पंच, गुणलेखक असा रीतसर सरंजाम आला, इशाऱ्याची कार्डे आली, आणि अनामत रकमेसह लेखी तक्रार देण्याची सोय झाली.

या सर्वांचे गोडवे गावेत असे मात्र नाही. पायाच्या ठशावरून सुरू झालेला वाद हातघाईवर गेला, सामना अर्धवट सोडावा लागला, दोन गावांत वर्षभर अबोला राहिला, असे प्रसंग कोणत्याही गावच्या वडीलधाऱ्याला विचारले तर तो सांगेल, आणि चूक अर्थातच दुसऱ्या गावाची होती असेही सांगेल. शिवाय या बोलक्या प्रेक्षकवर्गात बायका नव्हत्या, किंवा होत्या त्या घराच्या ओट्यावरून पाहणाऱ्या. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ सालीच सुरू झाली होती. परंतु गावाच्या मैदानावर मुलींचा सामना पाहण्याची आणि त्यातल्या निर्णयावर बाईने जाहीर मत देण्याची सवय पडायला येथे बराच अधिक काळ लागला.

जेतेपदाचे हिशेब हा चर्चेचा दुसरा प्रांत. गावच्या स्पर्धेत चिठ्ठ्या काढल्या, की कोण कोणाच्या गटात आले यावरून रात्रभर खल चाले: अमका संघ उपांत्य फेरीपर्यंत रिकाम्या वाटेने चालला आहे, आपल्याला मात्र दुसऱ्याच फेरीत बलाढ्य प्रतिस्पर्धी दिला, चिठ्ठी काढणारा हात कोणाचा होता? त्याच्या वर जिल्हा अजिंक्यपद. कुलाबा जिल्ह्याचा १९८१ साली रायगड झाला, पण अलिबाग, पेण, रोहा येथील संघांना झुकते माप मिळते ही उरण-पनवेलकडील तक्रार नामांतराने बदलली नाही. आणि अलिबागकरांना विचारावे तर ते हीच तक्रार बरोबर उलट दिशेने करतील. जिल्हा स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ निवडला जातो, तो राज्य अजिंक्यपदाला जातो, आणि तेथे चमकलेल्या गड्याला रेल्वे, पोलीस, बँका यांची दारे उघडतात. म्हणजे एका बोनस गुणाच्या मागे एखाद्या घराची नोकरी असू शकते. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गुणासाठी घसा फोडणाऱ्या माणसाचे हसू येत नाही. मोऱ्याच्या बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच याच आशेवर कित्येक गड्यांनी पकडली. पलीकडे लालबाग-परळच्या चाळींत कबड्डीचे दुसरे साम्राज्य होते, ज्याचा कणा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपात मोडला.

मैदानाचेच काय झाले, ही गोष्ट आता सांगितली पाहिजे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारा जमिनीचा धनी होण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि त्याला जेमतेम तेरा वर्षे होत आहेत तोच, १९७० साली, सिडको स्थापन होऊन पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्यू पावले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि ज्या खाचरांत मार्गशीर्षापासून फक्की पडे, त्यांतल्या कित्येकांवर भराव पडून कंटेनरांच्या राशी उभ्या राहिल्या. भरावाच्या मुरमावर कबड्डी खेळता येत नाही, क्रिकेट येते. आज या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे जे अमाप पीक आहे, त्याची सारी कारणे दूरचित्रवाणीत शोधणाऱ्यांनी एकदा त्या मुरमावर गुडघा टेकून पाहावा.

कबड्डी मात्र मॅटवर गेली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तिला पदकाचा मान मिळाला, २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, चढाईला तीस सेकंदांची मर्यादा पडली आणि दमाचा निम्मा वाद घड्याळाने गिळला. मॅटवर ठसा उमटत नाही. त्याची जागा चित्रफितीने घेतली आणि संघाला फेरतपासणी मागण्याचा हक्क मिळाला. यामुळे न्याय अधिक अचूक झाला, हे मान्य करावेच लागेल. १९६६ सालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर पश्चिम जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या हर्स्टचा चेंडू रेषेपलीकडे पडला की नाही, हा वाद फुटबॉलच्या जगात अर्ध्या शतकानंतरही जिवंत राहिला, कारण गवतावर ठसा नव्हता आणि चित्रफीत अपुरी होती. परंतु वाद केवळ पुराव्याच्या अभावाने होतात, असे मानणाऱ्यांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजीचा हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना आठवावा. भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत होते. पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव पट्ट्यात गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे पकड करणारे गडीही गेले. चित्र स्वच्छ होते, पुन्हापुन्हा दाखविले गेले, आणि तरीही निर्णय दिला गेला, फिरविला गेला, खेळ बराच वेळ थांबून राहिला. कारण भांडण पाय कोठे पडला याचे नव्हतेच, जुना नियम लागू की नवा, याचे होते. जुन्या नियमाने मागोमाग गेलेले गडीही बाद, नव्याने एकटा चढाईवाला बाद. अखेर निर्णय भारताच्या बाजूने गेला आणि भारताने सामना ३३-२९ असा जिंकला.

मला विचाराल तर इराणच्या तक्रारीत तथ्य होते. भारत जिंकल्याचा आनंद मला इतरांइतकाच झाला. पण कोणता नियम लागू आहे, हे अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत ठरविण्याची वेळ येणे हा स्पर्धा भरविणाऱ्यांचा दोष होय, आणि त्याची झळ ज्याला बसली त्याने बोलायचेच नाही, असे निदान जासईच्या बाजूला राहणाऱ्या माणसाने तरी म्हणू नये.