उलटा पीळ

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही म्हण आपण हट्टी माणसांसाठी राखून ठेवली आहे. बिचाऱ्या सुंभाची बाजू मात्र कोणी ऐकून घेत नाही. पीळ त्याने आपखुशीने घेतलेला नसतो. तो त्याला कोणीतरी दिलेला असतो, आणि तो देणाऱ्या हातांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

टकळीवर नुकताच कातलेला एकेरी धागा सैल सोडून पाहा. क्षणात तो स्वतःभोवतीच वेटोळे घालू लागतो. तंतू पिळताना आपण त्यांत जोर कोंडलेला असतो आणि तो बाहेर पडायला वाट शोधत असतो. वर्गातल्या मुलांना हे फळ्यावर सांगून पटत नाही. हातात दोरा दिला की तत्काळ पटते. आता असे दोन धागे एकत्र घेऊन मूळ पिळाच्या उलट दिशेने वळा. प्रत्येक धागा आपला पीळ उलगडू पाहतो आणि त्या धडपडीने दोन पेडांची मिठी अधिकच घट्ट होते. उलट, पेड सुटू पाहतात तेव्हा एकेका धाग्याचा पीळ वाढतो. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की दोरा निमूट सरळ लोंबतो. दुहेरी सुताला मूळ पिळाच्या साधारण दोनतृतीयांश उलटा पीळ पुरतो, असे कातणारे सांगतात. त्याहून अधिक झाला तर टांगलेली लडी गिरकी घेते. कमी पडला तरीही घेते, फक्त दुसरीकडे.

ही युक्ती किती जुनी असावी? फ्रान्सच्या आग्नेय भागात आब्री द्यु मारा नावाचा खडकाचा आडोसा आहे. तेथे दगडाच्या एका पात्याला चिकटलेला जेमतेम सहा मिलिमीटर लांबीचा दोरीचा तुकडा सापडला. त्याचा वृत्तान्त २०२० साली प्रसिद्ध झाला. तुकड्याचे वय चाळीस ते पन्नास हजार वर्षांच्या घरात. झाडाच्या आतल्या सालीचे तंतू, त्यांचे तीन पेड, प्रत्येक पेड एका दिशेने पिळलेला आणि तिन्ही मिळून उलट दिशेने वळलेले! ही दोरी वळणारे होते निअँडरथल. ज्यांना आपण शाळेच्या चित्रांत केसाळ, मठ्ठ, अर्धे जनावर करून टाकले, तेच. पेड मोजणे, दिशा ध्यानात ठेवणे आणि ती नेमक्या वेळी उलटवणे, हे मठ्ठ डोक्याचे काम नव्हे. सहा मिलिमीटरच्या त्या साक्षीदाराने त्यांच्यावरचा केवढा अन्याय उघडा पाडला!

पिळाची दिशा ही हाताची सवय असते आणि सवयी मुलखामुलखाच्या निराळ्या. संशोधक तिला इंग्रजी ‘एस’ आणि ‘झेड’ या अक्षरांच्या मधल्या रेघेच्या कलावरून ओळखतात. प्राचीन इजिप्तमध्ये जवसाच्या तागाचे सूत ‘एस’ वळणाचे कातीत. भारतात कापसाचे सूत ‘झेड’ वळणाचे. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदराच्या उकिरड्यात इसवी सनाच्या पहिल्या शतकातले सुती शिडांचे तुकडे निघाले, आणि त्यांतला पीळ आपल्याकडचा आढळला! त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, येथून कापड गाड्यांत भरून भडोचला जाई, असे लिहिले आहे. ती शिडे तेरच्या सुताची होती, असे मी म्हणत नाही. कादंबरीकाराला तसा मोह होतो खरा. पण इतिहास लिहिताना तो आवरावा लागतो.

पुढे नेपोलियनच्या युद्धांत रेशीम दुर्मीळ झाले, तेव्हा स्कॉटलंडमधील पेस्लीच्या क्लार्क घराण्याने सुताचे पेड पिळून रेशमाची जागा घेईल असा दोरा काढला. शिवणयंत्र आले आणि दोऱ्याची परीक्षा कडक झाली. यंत्राचा टाका पडताना दोऱ्याला एका ठरावीक दिशेने फिरकी बसते. शेवटचा पीळ त्या फिरकीच्या विरुद्ध असेल, तर सुईपाशीच पेड उलगडतात आणि दोरा तटकन तुटतो. म्हणून यंत्राच्या रिळावरील दोऱ्याचा शेवटचा पीळ सहसा ‘झेड’ वळणाचाच ठेवतात.

दिवाळीच्या गडबडीत घरातले रीळ हाती लागले, तर वीतभर दोरा चिमटीत धरून हलकेच उलगडून पाहा. आधी पेड सुटतील, मग त्यांच्या पोटातला उलटा पीळ दिसेल. आणि बाहेरचा, जो तुम्ही नुकताच मोडला, तो बेरेनिकेच्या शिडांतल्या सुताच्याच दिशेचा.