बंबाची चिमणी आणि आपला टँक

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने "काका, इतिहासावर काहीतरी लिहा" असं सांगितलं, तोपर्यंत पायाभरणी, पहिली कमिटी आणि पाण्याच्या टँकरचे दिवस हे विषय वाटून गेले होते. मी म्हटलं, मग मी गरम पाण्यावर लिहितो. सगळे हसले. पण येत्या सर्वसाधारण सभेपुढे स्विमिंग टँकला गॅसचा हीटर बसवायचा की नाही, आणि बसवायचा तर कोणता, हा विषय आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला टँक ओस पडतो. गुडघ्यांच्या व्यायामाला पाण्यात उतरणारा आपला ज्येष्ठांचा गट चार महिने घरी बसतो आणि मार्चमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. मागणी रास्त आहे. म्हणून आधी थोडा इतिहास आणि मग हिशेब.

चुलीपासून बंबापर्यंत

मोहेंजोदडोचं महास्नानगृह आपण सगळ्यांनी शाळेत वाचलं आहे. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आतबाहेर खोल. म्हणजे लांबी-रुंदीला जवळजवळ आपल्या टँकएवढं. पाणी झिरपू नये म्हणून विटांमागे डांबराचा थर होता. पाणी भरायची आणि सोडायची सोय होती, तापवायची मात्र दिसत नाही. ते काम रोमनांनी केलं. त्यांच्या स्नानगृहात जमीन खांबांवर उचललेली असे, खालच्या पोकळीत भट्टीची गरम हवा खेळवत आणि भिंतीतल्या नळ्यांतून धूर वर जाई. सम्राट ऑगस्टसचा मित्र मीसेनस याने रोम शहरात पहिला गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव बांधला, असं डायो कॅशियस या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. लाकूड जाळायला गुलाम होते, त्यामुळे इंधनाच्या बिलावर सभेत चर्चा होत नसे.

आपल्याकडे निसर्गानेच काही ठिकाणी फुकटची सोय करून ठेवली. राजापूरजवळचं उन्हाळे, संगमेश्वर तालुक्यातलं तुरळ, ठाणे-पालघरकडचं वज्रेश्वरी आणि गणेशपुरी. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांच्या वसईच्या नवसाचं, १७३९ नंतरचं, पण कुंडांचं गरम पाणी त्याच्याही कितीतरी आधीचं. बाकी सगळ्यांना चूल आणि हंडा.

मग आला तांब्याचा बंब. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना वर्णन सांगायला नको. नव्या पिढीसाठी सांगतो. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर ढलप्या, गोवऱ्यांचे तुकडे, नारळाच्या करवंट्या. नळीभोवती पाणी, बाजूला तोटी, वर झाकण. धूर नळीतूनच वर निघून जाई. दिवाळीच्या पहाटे चार वाजता आजी बंब पेटवायची. घंघाळात कढत पाणी, त्यात विसण, आणि अंगावर पहिला तांब्या पडला की थंडी पळून जायची. माझं काम राख काढण्याचं होतं, त्यामुळे बंबाची रचना मला आतून माहीत आहे.

त्या बंबात तीन गोष्टी नीट होत्या. पाणी बेताचं, वर झाकण आणि धुराला वाट. पुढचा सगळा लेख या तीन गोष्टींबद्दलच आहे.

गॅसचं पाणी

दगडी कोळशापासून केलेल्या गॅसचे दिवे मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली लागले. लालबागच्या 'गॅस कंपनी लेन'ने ती आठवण अजून जपली आहे. त्याच सुमारास, १८६८ मध्ये, लंडनच्या बेंजामिन मॉन नावाच्या रंगकाम करणाऱ्या माणसाने गॅसवर पाणी झटपट तापवायचं यंत्र केलं. आइसलँडच्या उसळत्या झऱ्याच्या नावावरून त्याने त्याला 'गीझर' म्हटलं. आपण आजही तेच म्हणतो. पण या पहिल्या गीझरला धूर बाहेर काढणारी नळीच नव्हती. जळालेला वायू न्हाणीघरातच राही. म्हणजे आजीच्या बंबाला जे कळलं होतं ते यात राहूनच गेलं. पुढे १८८९ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला एडविन रूड या नॉर्वेहून आलेल्या अभियंत्याने आपोआप चालूबंद होणारा गॅसचा वॉटर हीटर केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, घरामागे टँक बांधायची लाट आली, आणि घरगुती टँकचा गॅस हीटर तिथे रुळला. त्याची रचना म्हणजे उलटा केलेला बंब. बंबात आग नळीत आणि पाणी भोवती, इथे पाणी तांब्याच्या नळ्यांत आणि आग खाली. फिल्टरमधून आलेलं पाणी नळ्यांतून फिरतं, तापतं आणि परत टँकमध्ये जातं.

आपल्याकडे स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर मुंबईत १९५५च्या सुमारास आले. नळाने येणाऱ्या नैसर्गिक गॅससाठी मुंबईत १९९५ साली महानगर गॅस आणि पुण्यात २००६ साली महाराष्ट्र नॅचरल गॅस या कंपन्या स्थापन झाल्या. आपल्या सोसायटीत पाइपचा गॅस आला तेव्हा आपण पेढे वाटले होते.

एक सकाळ

त्याआधीची एक गोष्ट जुन्या सभासदांना आठवत असेल. सोसायटीच्या पहिल्या काही वर्षांतली. सिलिंडरवरचे गॅस गीझर स्वस्त पडतात म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घेतले होते, मीही. जानेवारीत एका सकाळी शेजारच्या विंगमधली कॉलेजात जाणारी मुलगी आंघोळीला गेली ती बाहेर येईना. थंडी म्हणून तिने खिडकीच्या काचा लावल्या होत्या. वडिलांनी दार तोडलं तेव्हा ती फरशीवर बेशुद्ध पडली होती. गॅसचा वास नव्हता. गळती नव्हतीच. होता तो कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. हवा कमी पडली की अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून तो निघतो, आणि रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. मुलगी वाचली. आज तिला दोन मुलं आहेत. त्या संध्याकाळी मी आमचा गीझर काढून बाहेरच्या गॅलरीत लावला.

हे आत्ता सांगायचं कारण असं की, कमिटीकडे आलेल्या एका कोटेशनमध्ये टँकचा हीटर तळमजल्याखालच्या पंपरूममध्ये बसवायचं लिहिलं आहे. पाइप जवळ पडतात, खर्च वाचतो. पण त्या खोलीला एकच झरोका आहे आणि वर चार मजले माणसं झोपलेली असतात. न्हाणीघरातल्या गीझरपेक्षा हे यंत्र कितीतरी पट मोठं. शिवाय गळती झालीच तर सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड म्हणून तळाशी साठतो आणि नैसर्गिक गॅस हलका म्हणून छताखाली. बंद तळघरात दोन्ही वाईट. सभासदांनी या लेखातलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं विसरू नये. हीटर उघड्यावर, कंपाउंडच्या भिंतीकडे, कोणाच्याही खिडकीपासून लांब.

आता हिशेब

आपला टँक १२ मीटर बाय ६ मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर. म्हणजे ९०,००० लिटर पाणी. डिसेंबरात मी सकाळी थर्मामीटर सोडून पाहिलं, २१ अंश. ज्येष्ठांच्या व्यायामाला निदान २८ हवं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे सात अंशांसाठी ६ लाख ३० हजार. यंत्रात वाया जाणारी उष्णता धरली तर घरगुती सिलिंडरच्या मापाने सुमारे पाच सिलिंडर. (तो सिलिंडर या कामाला वापरता येत नाही, अंदाज यावा म्हणून सांगितलं.) पाइपच्या गॅसने ९० घनमीटरच्या वर, म्हणजे चौघांच्या घराचा साधारण सहा महिन्यांचा स्वयंपाक. आणि हे फक्त एकदा तापवायला.

तापवल्यावर काय होतं? माठात जे होतं तेच. माठ पाझरतो, पाणी उडून जातं आणि उरलेलं गार होतं. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. समजा, एका कोरड्या रात्रीत टँकचं पाणी फक्त चार मिलिमीटर उतरलं, तर जवळजवळ २९० लिटर गेलं आणि टँक दोन अंशांच्या आसपास गार झाला. म्हणजे रोज रात्री एक सिलिंडर हवेत. म्हणून पहिली खरेदी हीटरची नको, झाकणाची हवी. पाण्यावर पसरायचं प्लास्टिकचं आवरण मिळतं. आजी बंबावर झाकण ठेवायची ते उगाच नाही.

हीटरचा आकार बीटीयूमध्ये सांगतात. एक किलोकॅलरी म्हणजे साधारण चार बीटीयू. आपल्याला लागणारी उष्णता २५ लाख बीटीयू. ताशी चार लाखांचा हीटर हे काम सुमारे आठ तासांत करेल, दोन लाखांचा सोळा तासांत. मोठ्या हीटरने एकूण गॅस फार जास्त जळत नाही, वेळ वाचतो. पण त्याला ताशी १२ घनमीटर गॅस लागेल, आणि घरगुती मीटरमधून साधारण अडीचच जातो. तेव्हा मीटर आणि पाइप कोणता, हे गॅस कंपनीला लेखी विचारल्याशिवाय यंत्राची ऑर्डर देऊ नये.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर बसतो तसा इथेही बसेल. क्लोरीन हीटरच्या पुढे सोडावं, मागे नाही, नाहीतर तांब्याच्या नळ्या खाऊन टाकेल. क्युप्रोनिकेलच्या नळ्यांचा हीटर महाग पडतो, पण आपल्या पाण्यात जास्त टिकेल. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ ठेवायला माणूस नेमावा.

शेवटचा मुद्दा पैशाचा. ६४ घरांपैकी टँक वापरणारी निम्मी असतील. गॅस झटपट तापवतो, म्हणून तो शनिवार-रविवारपुरता परवडतो. रोज तापवायचा असेल तर हवेतली उष्णता घेणारा हीट पंप बरा. एका युनिट विजेत तो चार-पाच युनिट उष्णता देतो, पण सावकाश. माझं मत असं : या हिवाळ्यात फक्त झाकण घ्यावं आणि रोजचं तापमान फलकावर लिहावं. पुढच्या सभेत आकडे हातात घेऊन ठरवावं, की शनिवार-रविवार हवा की रोज. तापवण्याचा खर्च वापरणाऱ्यांनी द्यावा, झाकणाचा सगळ्यांनी.

आमचा तांब्याचा बंब या समारंभात क्लब हाउसच्या दारात ठेवायला मी देत आहे. लहान मुलांनी जरूर पाहावा, वाकून त्याच्या नळीतून वर आभाळ दिसतं का तेही पाहावं. ते दिसलं पाहिजे.

पुढच्या २५ वर्षांसाठी सर्व सभासदांना शुभेच्छा.